अभ्यासिकेतलं वाय-फाय आणि शंभर पत्त्यांचा हिशोब: एक प्रकरण अभ्यास

## पार्श्वभूमी

पुण्यात नवी पेठ, सदाशिव पेठ, शास्त्री रोड या पट्ट्यात स्पर्धा परीक्षांच्या अभ्यासिका गल्लोगल्ली आहेत. त्यांतल्याच नवी पेठेतल्या एका अभ्यासिकेचं हे प्रकरण. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. मालकांना तिथे सगळे काका म्हणतात, म्हणून इथेही काकाच.

पहिल्या मजल्यावर ५६ खुर्च्या. दिवाळीनंतर काकांनी वरचा मजला भाड्याने घेतला, तिथे आणखी ४०. सकाळी सहा ते दुपारी दोन आणि दोन ते रात्री दहा अशा दोन बॅच, शिवाय वीसेक जण पूर्णवेळ. म्हणजे दिवसभरात साधारण १७० वेगवेगळी मुलंमुली येतात. प्रत्येकाकडे मोबाइल आहेच. लॅपटॉप किंवा टॅब साधारण पन्नास. टेस्ट सिरीज, टेलिग्रामवरच्या पीडीएफ, रेकॉर्ड केलेली लेक्चर्स हे सगळं वाय-फायवरच चालतं, त्यामुळे पंख्याइतकीच वाय-फायचीही तक्रार होते.

नेटवर्क अगदी घरगुती होतं. फायबरचं एक कनेक्शन, कंपनीने दिलेला एक राउटर, आणि त्यालाच जोडलेली ऑफिसची चार यंत्रं: सीसीटीव्हीचं चित्रण साठवणारा डीव्हीआर, बोटाचा ठसा घेणारं हजेरीचं मशीन, काउंटरवरचा कॉम्प्युटर आणि प्रिंटर. राउटरचा आयपी पत्ता, म्हणजे नेटवर्कात यंत्र ओळखण्याचा आकडा, १९२.१६८.१.१. सबनेट मास्क, म्हणजे पत्त्यातला कोणता भाग नेटवर्कचा हे सांगणारा आकडा, २५५.२५५.२५५.०. पूर्वी कधीतरी आलेल्या तंत्रज्ञाने राउटरला सांगून ठेवलं होतं, की येणाऱ्या उपकरणांना १९२.१६८.१.१०० ते १९२.१६८.१.१९९ एवढेच पत्ते वाटायचे आणि दिलेला पत्ता २४ तास राखून ठेवायचा. एकच मजला आणि चाळीस मुलं असताना हे पुरेसं होतं.

## तक्रार

‘वाय-फाय लागतं, पण नेट नाही.’ दुसरा मजला सुरू झाल्यावर काही दिवसांतच हे वाक्य काउंटरवर रोज ऐकू यायला लागलं. काउंटर सांभाळणारा मुलगा स्वतः एमपीएससीच्या कंबाइन परीक्षेची तयारी करणारा. त्याने तक्रारी वहीत लिहून ठेवल्या होत्या, आणि या प्रकरणात सर्वांत कामाला आलं ते त्याचं हे लिहिणंच.

वहीत काही गोष्टी पुन्हा पुन्हा दिसत होत्या. आत बसलेल्यांचं व्यवस्थित चालायचं, तेव्हाच नव्याने येणाऱ्याचा मोबाइल ‘आयपी पत्ता मिळवत आहे’वर अडकून बसायचा. रोज ठरलेल्या वेळी येणाऱ्यांना त्रास कमी. नवीन प्रवेश घेतलेल्यांना आणि एखाद दिवस सुट्टी घेऊन परतलेल्यांना जास्त. अभ्यासिका दिवसभर बंद राहिली, की दुसऱ्या दिवशी सकाळी सगळं सुरळीत. आणि राउटर बंद करून पुन्हा चालू केला की काही तास कोणाचीच तक्रार नाही.

वेग कमी असता तर आत बसलेल्यांनाही जाणवला असता. सिग्नल कमकुवत असता तर तो सुट्टी घेतलेल्या मुलाला वेगळा आणि न घेतलेल्याला वेगळा मिळाला नसता. पण ‘नेट नाही’ म्हटलं की कुणाच्याही मनात पहिल्यांदा वेगच येतो.

## आधी झालेले उपाय

काकांनी कनेक्शन १०० एमबीपीएसवरून २०० वर नेलं. फरक पडला नाही. मग रोज दुपारी राउटर बंद-चालू करायची पद्धत पडली. त्याने आराम मिळायचा, कारण अनेक घरगुती राउटर वाटलेल्या पत्त्यांची यादी तात्पुरत्या मेमरीतच ठेवतात. वीज गेली की यादी पुसली जाते आणि राउटरला वाटतं, सगळे पत्ते मोकळे आहेत. पण ज्यांच्याकडे पत्ते आहेत ते मोबाइल तिथेच बसलेले असतात. मग एखादा पत्ता दोघांकडे जायचा आणि नव्या तक्रारी सुरू व्हायच्या.

तिसरा उपाय महागात पडला. कुणीतरी सुचवलं, वरच्या मजल्यावर रेंज नाही, म्हणून असं होतंय. काउंटरचा मुलगा बुधवार पेठेत तपकीर गल्लीत जाऊन एक राउटर घेऊन आला. खालून ओढलेली वायर त्याने नव्या राउटरच्या मागच्या पिवळ्या पोर्टांपैकी एकात, म्हणजे आतली यंत्रं जोडायच्या लॅन पोर्टात खोचली. इंटरनेटची वायर लावायचा वेगळ्या रंगाचा वॅन पोर्ट रिकामाच राहिला. नव्या वाय-फायला नावही वेगळं दिलं.

त्यानंतर तक्रारींचं स्वरूप बदललं. आता मोबाइल लगेच जोडले जायचे, पण नेट नसायचं. आणि हे दोन्ही मजल्यांवर, अगदी पहाटे सहा वाजतासुद्धा. या टप्प्यावर मला बोलावणं आलं.

## पत्ते बघितल्यावर

अशा ठिकाणी मी पहिला प्रश्न एकच विचारतो: अडकलेल्या यंत्राकडे आत्ता कोणता पत्ता आहे? विंडोजच्या लॅपटॉपवर ‘आयपीकॉन्फिग’ ही आज्ञा दिली की मिनिटभरात उत्तर मिळतं, आणि तेवढ्यावरून बरंचसं निदान होतं.

वरच्या मजल्यावरच्या पहिल्याच लॅपटॉपने सांगितलं १९२.१६८.०.१०७, गेटवे १९२.१६८.०.१. तिसरा आकडा शून्य! मास्क २५५.२५५.२५५.० असतो तेव्हा पहिले तीन आकडे नेटवर्क ठरवतात आणि शेवटचा आकडा त्यातलं यंत्र. म्हणजे हा लॅपटॉप अभ्यासिकेच्या १९२.१६८.१ या नेटवर्कात नव्हताच. त्याला पत्ता नव्या राउटरने दिला होता, आणि बाहेर जाण्याचा दरवाजा, म्हणजेच गेटवे म्हणून स्वतःकडे बोट दाखवलं होतं. त्या राउटरच्या वॅन पोर्टात वायरच नसल्यामुळे दरवाज्यापलीकडे भिंत होती.

पत्ता मागणारं यंत्र नेटवर्कात सर्वांना उद्देशून हाक मारतं: मला कोणी पत्ता देईल का? या पद्धतीला डीएचसीपी म्हणतात. ज्याचं उत्तर आधी येईल त्याचाच पत्ता यंत्र बहुधा घेतं. एकाच वायरवर दोन वाटप करणारे बसले, की कुणाच्या वाट्याला कोणता येईल हे सांगता येत नाही. खालच्या मजल्यावरही तेच होत होतं, कारण वायर एकच.

मग काउंटरच्या मुलाने व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवरचा एक जुना स्क्रीनशॉट दाखवला. नवा राउटर येण्याआधीचा. त्यात लॅपटॉपचा पत्ता १६९.२५४ ने सुरू होत होता. हा पत्ता कोणीच दिलेला नसतो. हाक मारून कोणाचंच उत्तर आलं नाही, की यंत्र १६९.२५४ च्या पट्ट्यातला एखादा पत्ता स्वतःच लावून घेतं. त्याने इंटरनेटवर जाता येत नाही. म्हणजे आधीचा बिघाड वेगळा होता, आणि नव्या राउटरने तो नुसता झाकला होता.

मूळ राउटरची यादी उघडली. शंभरच्या शंभर पत्ते गेलेले. त्यांतले निम्मेअधिक मोबाइल त्या वेळी इमारतीत नव्हते.

वहीतल्या सगळ्या नोंदींचा अर्थ तेव्हा लागला. दुपारी तीनला आलेल्या मुलीला मिळालेला पत्ता दुसऱ्या दिवशी तीनपर्यंत तिच्याच नावावर राहायचा, ती रात्री आठला घरी गेली तरी. सकाळच्या बॅचला उरलेल्यांतून मिळायचं. रोज येणाऱ्याचा पत्ता टिकून राहायचा. ज्याने सुट्टी घेतली त्याचा जायचा आणि दुसरा कोणीतरी घ्यायचा.

काकांना हे समजावायला फार वेळ लागला नाही. त्यांच्याच अभ्यासिकेत पाटी होती: ‘खुर्चीवर बॅग ठेवून अर्ध्या तासापेक्षा जास्त वेळ बाहेर गेल्यास जागा दुसऱ्यास दिली जाईल.’ ती वाचून तेच म्हणाले, “म्हणजे हा राउटर बॅग चोवीस तास ठेवू देतो!”

एक गोष्ट अजून सापडली. प्रिंटरला कायमचा पत्ता दिला होता १९२.१६८.१.१५०, म्हणजे वाटपाच्या पट्ट्याच्या बरोबर मध्ये. तो पत्ता राउटर अधूनमधून एखाद्या मोबाइललाही द्यायचा आणि प्रिंट निघायची बंद व्हायची. दोष मात्र प्रिंटरच्या माथी.

## विचारात घेतलेले पर्याय

इंटरनेट कंपनीच्या माणसाने सुचवलं होतं, ‘स्टॅटिक आयपी घ्या, महिन्याला थोडे जास्त पैसे, प्रॉब्लेम जाईल.’ काका जवळजवळ तयार झाले होते. पण स्टॅटिक आयपी हा राउटरच्या बाहेरच्या बाजूचा, कायम तोच राहणारा पत्ता. आत शंभर मोबाइलना जे वाटले जातात ते पत्ते १९९० च्या दशकापासून सर्वांसाठी खुल्या ठेवलेल्या तीन खासगी पट्ट्यांतले असतात: १० ने सुरू होणारे, १७२.१६ ते १७२.३१ पर्यंतचे, आणि १९२.१६८ ने सुरू होणारे. ते कोणीही, कितीही ठिकाणी, फुकट वापरू शकतं. बाहेर जाताना राउटर त्या सगळ्यांच्या जागी आपला एकच पत्ता लावतो. तुटवडा आत होता. बाहेरचा पत्ता कायमचा केला म्हणून आतला एकही वाढला नसता.

तुटवडा बाहेरही आहे, पण तो जगाचा. ३२ बिटांचे (आयपीव्ही४) एकूण पत्ते सुमारे ४२९ कोटी, आणि त्यांचा जागतिक साठा फेब्रुवारी २०११ मध्ये संपला. म्हणून बऱ्याच कंपन्या अनेक ग्राहकांना मिळून एकच सार्वजनिक पत्ता वापरायला देतात. काकांच्या राउटरची बाहेरची बाजू पाहिली तर १००.७२ ने सुरू होणारा पत्ता होता. १००.६४ ते १००.१२७ हा पट्टा अशाच सामायिक वापरासाठी राखलेला आहे. घरून सीसीटीव्ही बघण्यासाठी पूर्वी कोणीतरी राउटरमध्ये बाहेरून आत यायची वाट (पोर्ट) उघडून दिली होती, ती का चालली नाही याचं उत्तर इथे मिळालं: सामायिक पत्त्यावर बाहेरून आलेली हाक काकांच्या राउटरपर्यंत पोचतच नव्हती. डीव्हीआरच्या कंपनीचं मोबाइल अ‍ॅप आतून बाहेर जोडणी करतं, त्यामुळे ते चालत होतं, आणि काकांना तेवढं पुरेसं होतं. स्टॅटिक आयपीचा विषय तिथेच संपला.

काउंटरच्या मुलाची सूचना होती, प्रत्येकाच्या मोबाइलचा मॅक पत्ता, म्हणजे यंत्राचा स्वतःचा ओळख क्रमांक, नोंदवून घ्यायचा आणि त्यालाच ठरलेला आयपी द्यायचा. ऐकायला शिस्तीची वाटते. पण अँड्रॉइड १० आणि आयओएस १४ पासून मोबाइल प्रत्येक वाय-फाय नावासाठी वेगळा, बनावट मॅक पत्ता दाखवतात. महिन्याला पंचवीस-तीस मुलं बदलणाऱ्या जागेत ती नोंदवही कोण सांभाळणार? शिवाय याच चर्चेत एक गळती लक्षात आली. दोन मजल्यांवर वाय-फायची दोन नावं होती. डबा खायला वर गेलेल्या मुलाचा मोबाइल तिथे दुसरा मॅक पत्ता दाखवायचा आणि दुसरा आयपी घ्यायचा. एक मोबाइल, दोन पत्ते.

मास्क बदलण्याचाही विचार झाला. २५५.२५५.२५५.० मध्ये २५६ पत्ते असतात. पहिला नेटवर्कचा आणि शेवटचा सर्वांना एकदम हाक मारण्याचा, म्हणून वापरायला २५४. मास्क २५५.२५५.२५४.० केला की ५१०. पण इथे अनेक जण फसतात. १९२.१६८.१ ला जोडून येणारा भाग १९२.१६८.२ नसतो, १९२.१६८.० असतो, कारण जोडी सम आकड्यापासून सुरू होते. आणि डीव्हीआर, हजेरी मशीन, प्रिंटर या प्रत्येकात मास्क हाताने बदलावा लागला असता. एखादं राहून गेलं तर ते अर्ध्या मोबाइलना परक्या नेटवर्कातले समजणार. हजेरी मशीनचा अ‍ॅडमिन पासवर्ड कोणालाच आठवत नव्हता.

उरले दोन मार्ग. आहे त्याच राउटरवर वाटपाचा पट्टा वाढवून राखीव वेळ कमी करायची, किंवा मुलांचं नेटवर्क ऑफिसपासून पूर्ण वेगळं काढायचं. माझा कल दुसऱ्याकडे होता. फीच्या नोंदी असलेला कॉम्प्युटर आणि कॅमेऱ्यांचा डीव्हीआर १७० अनोळखी मोबाइलच्या शेजारी असणं मला पटत नव्हतं. पण त्यासाठी बऱ्यापैकी राउटर घ्यावा लागणार, आणि काका नुकतेच एका राउटरवर पैसे घालवून बसले होते. “आधी फुकटात काय होतं ते करा,” असं त्यांनी स्पष्ट सांगितलं.

## केलेली कामं

सर्वप्रथम वरच्या राउटरचं डीएचसीपी बंद केलं आणि त्याला स्वतःचा पत्ता १९२.१६८.१.२ दिला. आता तो फक्त वाय-फाय पसरवणारं यंत्र झाला. त्या कामासाठी लॅन पोर्टातली वायरच योग्य होती, ती तशीच ठेवली.

दहा मिनिटांत जुना बिघाड परत आला. ज्यांना आतापर्यंत खोटा का होईना पत्ता मिळत होता, ते आता मूळ राउटरच्या रिकाम्या कोठारापाशी उभे राहिले. मोबाइल पुन्हा अडकले, काकांचा चेहरा पडला. हे होणार याची कल्पना त्यांना आधीच दिली होती, तरी ऐकणं वेगळं आणि समोर गर्दी झालेली बघणं वेगळं. एकावर एक चढलेले दोन बिघाड सोडवताना ही पायरी टाळता येत नाही. मात्र ती भरल्या बॅचमध्ये न करता रात्री दहानंतर करता येते.

मग प्रिंटर १९२.१६८.१.२२ वर हलवला. १ ते ५० हे आकडे ऑफिसच्या यंत्रांसाठी राखले. वाटपाचा पट्टा ५१ ते २५०, म्हणजे २०० पत्ते. दोन्ही मजल्यांवर वाय-फायचं नाव आणि पासवर्ड एकच केला.

राखीव वेळ किती ठेवायची यावर जरा घासाघीस झाली. काउंटरच्या मुलाचं म्हणणं दहा मिनिटं. पण मोबाइल अर्धी मुदत संपली की नूतनीकरण मागतात, म्हणजे शंभरावर मोबाइल दर पाच मिनिटांनी या स्वस्त राउटरचं दार वाजवणार. आम्ही हिशोब असा केला: भरल्या वेळी आत ९६ मोबाइल आणि तीसेक लॅपटॉप-टॅब, म्हणजे सव्वाशे. दोन तासांची मुदत ठेवली तर निघून गेलेल्याचा पत्ता त्यानंतर एक ते दोन तासांत मोकळा होतो. दुपारी दोनला बॅच बदलते तेव्हा असे अडकलेले पत्ते जास्तीत जास्त पन्नास-साठ. बेरीज १९० च्या आत. दोन तास ठरले.

## परिणाम, आणि दुसरा टप्पा

त्या आठवड्यात ‘नेट नाही’च्या तक्रारी थांबल्या. दुपारी राउटर बंद-चालू करायची पद्धतही गेली. वेगवाढीची गरज कधीच नव्हती, हेही उघड झालं. काकांनी तो प्लॅन मात्र ठेवला, मुलांना २०० चा आकडा सांगायला बरा वाटतो म्हणून.

पूर्वपरीक्षा जवळ आली तशी काकांनी जिन्याजवळच्या खोलीत आणखी खुर्च्या टाकल्या. यादीतली संख्या १८० च्या पुढे जायला लागली. या वेळी आकडा दिसत होता, म्हणून वेगळं नेटवर्क करायला काका स्वतःच तयार झाले.

मुलांसाठी नवा राउटर बसवला. त्याची बाहेरची बाजू १९२.१६८.१.५, आतली १०.२०.०.१, मास्क २५५.२५५.२५२.०. त्यात १०२२ पत्ते बसतात, म्हणून मुदत निवांत चार तास ठेवली. दोन्ही मजल्यांचं वाय-फाय या राउटरमागे गेलं आणि जुन्या राउटरचं वाय-फाय नव्या पासवर्डने फक्त ऑफिससाठी राहिलं.

‘आता वेगळं झालं’ म्हणून सगळे निघायच्या बेतात होते. मी मुलांच्या वाय-फायवरून ब्राउझरमध्ये डीव्हीआरचा पत्ता टाकून बघितला. लॉगिनचं पान उघडलं! राउटरमागे राउटर लावला की बाहेरच्यांना आत येता येत नाही, पण आतल्यांना बाहेरच्या नेटवर्कात सहज जाता येतं. मुलं आत होती आणि डीव्हीआर बाहेर. मग नव्या राउटरमध्ये नियम घातला, की १९२.१६८.१ कडे जाणारं आतलं काहीही सोडायचं नाही. इंटरनेटच्या रहदारीला याने बाधा येत नाही, कारण तिचं गंतव्य जुना राउटर नसतो, तो केवळ वाटेत असतो. साइटचं नाव शोधण्यासाठी मुलांच्या मोबाइलना १०.२०.०.१ हाच पत्ता दिला, नाहीतर तेही या नियमात अडकलं असतं. छपाईची सोय मुलांकडून गेली. मुलं आता पीडीएफ काउंटरच्या नंबरवर व्हॉट्सअ‍ॅप करतात. तशीही बहुतेक जण तेच करत होती.

## वेगळं काय करता आलं असतं

दुसरा मजला घेतला तेव्हाच खुर्च्या मोजल्या होत्या, पंखे मोजले होते, प्लगपॉइंट मोजले होते. पत्ते मोजायला पाच मिनिटं पुरली असती.

तपकीर गल्लीतला राउटर घेणं चूक नव्हतं. वर रेंज खरोखरच कमी होती आणि तो आजही तिथे आहे. गडबड झाली ती त्याचं वाटप बंद न करता जोडण्यात. पूर्वीच्या तंत्रज्ञाने प्रिंटरचा पत्ता लिहून ठेवला असता, तर त्या यंत्राच्या दुरुस्तीवर झालेला खर्च वाचला असता.

दोन टप्प्यांत काम केल्याबद्दल मतभेद होऊ शकतो. मला अजूनही वाटतं, पहिला टप्पा फुकट होता आणि त्याने निदान सिद्ध केलं, म्हणून तो आधी होणं ठीक होतं. पण मधले काही महिने डीव्हीआर सगळ्यांना दिसत राहिला. त्याचा मूळ पासवर्ड तरी पहिल्याच दिवशी बदलायला हवा होता. तो बदलला दुसऱ्या टप्प्यात.

आयपीव्ही६ ही पत्त्यांची नवी पद्धत इथे बंदच आहे. त्यात १२८ बिटांचे पत्ते असतात आणि मोबाइल आपला पत्ता स्वतःच तयार करू शकतो, त्यामुळे शंभर की दोनशे हा प्रश्न तिथे उरत नाही. पण काही साइट अजूनही फक्त जुन्या पत्त्यांवर चालतात, म्हणून आयपीव्ही४ चा हिशोब त्याने टळला नसता. शिवाय नव्या राउटरला स्वतःचा आयपीव्ही६ पट्टा लागेल, आणि कंपनीचा राउटर तो पुढे देत नाही. काका शेजारच्या इमारतीतली जागा बघतायत. ती घेतली तर तिच्यासाठी १०.२०.४.० पासूनचा पट्टा मोकळा ठेवला आहे, आणि तसं काउंटरच्या वहीत लिहिलंही आहे.